वाचकांचे प्रश्न : मैदानावरची वर्णद्वेषी शिवी आणि शिस्तपालन समितीचा निकाल

प्रश्न : मी शाहू स्टेडियमवरचे सामने लहानपणापासून पाहत आलो आहे. इंग्लंडमध्ये 2011 साली मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला वर्णद्वेषी बोलल्याबद्दल लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझवर आठ सामन्यांची बंदी आली. त्यांच्यातले बोलणे तिसऱ्या कोणी ऐकल्याची साक्ष नव्हती. चेल्सीच्या जॉन टेरीला तर अशाच आरोपातून न्यायालयाने निर्दोष सोडले, तरीही तिथल्या फुटबॉल संघटनेने शिक्षा केलीच. एकाच्या शब्दावर दुसऱ्याच्या कपाळी असा डाग लावणे हा न्याय कसा? आमच्या तालमींच्या संघांतूनही परदेशी खेळाडू खेळतात. उद्या अशी तक्रार इथे आली, तर कोणाचे खरे मानायचे?
— एक फुटबॉलप्रेमी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी टेरीचे प्रकरण घेऊ, कारण त्यातली विसंगती वरवरची आहे. आपल्याकडे एखादा सरकारी कर्मचारी फौजदारी खटल्यातून सुटला, तरी त्याच्यावरची विभागीय चौकशी आपोआप संपत नाही. फौजदारी न्यायालयाला वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो, तर चौकशी अधिकाऱ्याला घटना घडली असण्याची शक्यता अधिक आहे एवढे पटले तरी पुरते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाने जुलै 2012 मध्ये टेरीला संशयाचा फायदा दिला. प्रतिस्पर्धी संघाच्या अँटन फर्डिनंडला उद्देशून वर्णवाचक शिवीचे शब्द आपल्या तोंडून निघाले, हे टेरीने नाकारले नव्हते. फर्डिनंडने आपल्यावर जो आरोप केला असे वाटले तोच आपण उलट उच्चारला, असा त्याचा बचाव होता. संघटनेच्या समितीला तो बचाव पटला नाही आणि तिने सप्टेंबरमध्ये चार सामन्यांची बंदी व 2 लाख 20 हजार पौंडांचा दंड ठोठावला. तुरुंगवास किंवा गुन्हेगार हा शिक्का बसणार नसेल, तिथे पुराव्याची कसोटी कमी कडक असणे मला अन्यायाचे वाटत नाही. उलट, फौजदारी कसोटी लावली तर मैदानाच्या गोंगाटात दोघांमध्ये झालेले बोलणे जवळजवळ कधीच सिद्ध होणार नाही आणि शिवी देणाऱ्याला ते पक्के ठाऊक असेल.

आता सुआरेझचे प्रकरण. ‘एकाच्या शब्दावर’ हे आपले वर्णन अपुरे आहे. 15 ऑक्टोबर 2011 रोजी लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर झालेल्या या प्रसंगाचे निकालपत्र 115 पानांचे आहे आणि ते संघटनेने जाहीर केले, हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. एव्हराच्या त्वचेचा उल्लेख होईल असा शब्द आपण एकदा वापरला, पण स्नेहाने, असे सुआरेझ सांगत होता. त्याच भांडणात आपण एव्हराच्या हाताला चिमटा काढला तोही वातावरण निवळावे म्हणून, असे त्याच्या लेखी जबाबात होते. समितीने चित्रफीत पाहिली. दोघांची तोंडे आणि हातवारे यांत स्नेहाचा मागमूस नव्हता. जबाबातला हा भाग टिकला नाही, तेव्हा त्याच्या इतर सांगण्यावरचा विश्वासही डळमळला. एव्हरालाही समितीने सवलत दिली नाही. सामन्यानंतर त्याने फ्रेंच वाहिनीला ‘दहा वेळा’ असे सांगितले होते आणि समितीपुढे आकडा त्याहून कमी होता. ही तफावत तपासून, ती बोलण्याच्या ओघातली अतिशयोक्ती होती असे समितीने कारणासह नोंदवले. शेवटी सात वेळा तो उल्लेख झाला असा निष्कर्ष निघाला. टेरीने शब्द एकदाच वापरले आणि सुआरेझने वारंवार, म्हणून एकाला चार आणि दुसऱ्याला आठ सामने. हा हिशेब कोणाला मान्य नसेल. पण तो मांडलेला आहे, म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. आरोप ठेवणारी संघटना आणि समिती नेमणारी संघटना एकच असेल, तर निकाल कितीही अभ्यासपूर्ण असला तरी हरलेल्या बाजूचा संशय फिटत नाही. दुसरे असे, की युरोपच्या संघटनेने 2013 पासून वर्णद्वेषी वर्तनाला किमान दहा सामन्यांची बंदी ठरवून टाकली. हेतू चांगला आहे. मात्र मधली पायरीच उरली नाही, की निर्णय देणाऱ्याचा हात आखडतो. मार्च 2024 मध्ये इटलीत नापोली संघाच्या हुआन जेझुसने इंटर संघाच्या फ्रांचेस्को अचेर्बीविरुद्ध अशीच तक्रार केली. तिथल्या नियमांतही किमान दहाच सामने होते. अपमानकारक बोलणे झाले हे क्रीडा न्यायाधीशांनी अमान्य केले नाही, परंतु त्यातला वर्णद्वेषी आशय केवळ तक्रारदाराच्या सांगण्यावर धरता येत नाही, म्हणून अचेर्बी पूर्ण सुटला. दहा किंवा शून्य, असा हा न्याय झाला. चार सामन्यांपासून सुरू होऊन प्रसंगाच्या गांभीर्याप्रमाणे वाढणारी शिक्षा मला अधिक न्याय्य वाटते.

कोल्हापुरात कोणाचे खरे मानायचे, हे आधीपासून ठरवता येत नाही. तक्रार कशी हाताळायची हे मात्र हंगामापूर्वीच ठरवता येते. पंचांनी तक्रार त्याच क्षणी, वेळ आणि खेळाडूचे नेमके शब्द यांसह टिपून घ्यावी. दोघांचे जबाब त्याच संध्याकाळी, एकमेकांशी आणि संघाच्या कार्यकर्त्यांशी बोलणे होण्यापूर्वी, वेगवेगळे घ्यावेत. परदेशी खेळाडूला कळेल असा दुभाषी हवा, आणि तो त्याच्याच संघाचा व्यवस्थापक नसावा. समितीवर त्या दोन पेठांशी किंवा तालमींशी संबंध नसलेली माणसे असावीत. आपल्या गावात पेठेचा अभिमान किती खोल असतो, हे आपल्याला मी सांगायला नको. गरज पडल्यास सांगली-साताऱ्याहून माणसे बोलवावीत.

प्रश्न : आरोप सिद्ध झाला नाही, तर खोटी तक्रार केली म्हणून तक्रारदारावरच कारवाई का करू नये?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सिद्ध न होणे आणि खोटे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी 2018 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटन संघाच्या गाएतान बाँगने वेस्ट ब्रॉम संघाच्या जे रॉड्रिगेझविरुद्ध वर्णद्वेषी बोलल्याची तक्रार केली. एप्रिलमध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेच्या समितीने आरोप सिद्ध होत नसल्याचे सांगितले आणि त्याचबरोबर बाँगने तक्रार सद्भावनेने केली होती, हेही स्पष्ट केले. तरीही त्यानंतर काही दिवसांतच रॉड्रिगेझच्या जन्मगावी, बर्नलीत, प्रेक्षकांनी बाँगची हुर्यो उडवली. तक्रारीची किंमत अशी मोजावी लागते. जाणूनबुजून रचलेली तक्रार असेल तर शिक्षा जरूर व्हावी, पण तो वेगळा आरोप आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागेल. पहिल्या निकालातून तो आपोआप निघत नाही.