नाशिकहून वर्किंग हॉलिडेवर ऑस्ट्रेलियाला: एजंटला पैसे द्यावेत का आणि तयारी कुठून सुरू करावी?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: वय 26, बी.कॉम. झालंय, गंगापूर रोडच्या एका हॉटेलात काम करता, वर्षभर ऑस्ट्रेलियात राहून फिरायचं आणि कमवायचं आहे, आणि एक एजंट दीड लाखात "नंबर हमखास लावून देतो" म्हणतोय.

त्या एजंटला पैसे देऊ नका. हा व्हिसा म्हणजे वर्क अँड हॉलिडे, सबक्लास 462. 2022 च्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारातून तो आला आणि भारतीयांना 2024 पासून मिळू लागला. वर्षाला 1,000 जागा आहेत आणि निवड सोडतीने होते. नोंदणीची फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर. म्हाडाच्या सोडतीत जसं दलालाच्या सांगण्याने घर लागत नाही, तसंच इथेही आहे. नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या साइटवर, इमीअकाउंट (तिथलं ऑनलाइन खातं) उघडून, स्वतः करायची. पहिली नोंदणी 1 ते 31 ऑक्टोबर 2024 या काळात झाली. तारखा दर वर्षी नव्याने जाहीर होतात आणि जुनी नोंदणी पुढच्या वर्षी चालत नाही. "कॅनडाचा वर्किंग हॉलिडे करून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा, कॅनडाच्या त्या योजनेत भारत नाहीच.

खरा घोळ होतो तो नावात आणि वेळेत. नंबर लागल्याचा ईमेल आला की पूर्ण अर्ज करायला 28 दिवस मिळतात. तेवढ्यात पॅन दुरुस्ती, इंग्रजीची परीक्षा आणि बँकेतले पैसे हे सगळं जमत नाही, आणि लागलेली जागा हातची जाते. म्हणून नोंदणीच्या आधीच, नंबर लागणार आहे असं धरून, कागद तयार ठेवायचे.

नोंदणीला पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं, तिथेच गडबड होते: पासपोर्टवर ते गिव्हन नेममध्ये जोडलेलं, पॅनवर गाळलेलं किंवा नुसतं आद्याक्षर, आणि पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी. पदवीवरचा क्रम उलटा असला तरी सहसा अडत नाही. पण पासपोर्ट आणि पॅन यांच्यातलं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. फरक असेल तर पॅन दुरुस्त करा. शंभर-सव्वाशे रुपयांत ऑनलाइन होतं, पासपोर्ट बदलण्यापेक्षा किती तरी सोपं. पासपोर्टची मुदत वर्ष-दीड वर्षात संपत असेल तर तो मात्र नोंदणीच्या आधीच नवा करून घ्या, कारण नोंदणी पासपोर्टच्या नंबरावर होते. मध्येच नंबर बदलला की खुलासे देत बसावं लागतं.

अर्ज करताना वय 18 पूर्ण आणि 31 च्या आत हवं. शिक्षण पदवी, किंवा पदवीची किमान दोन वर्षं यशस्वी पूर्ण केलेली. सोबत अवलंबून असलेलं मूल नेता येत नाही. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये सरासरी 4.5 पुरते, हॉटेलात पाहुण्यांशी बोलणाऱ्याला ते जड नाही. तुमचं बी.कॉम. पूर्ण इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर कॉलेजचं तसं पत्रही चालतं, पण आपल्या विद्यापीठात बी.कॉम. मराठीतूनही करता येतं, त्यामुळे पत्रावर माध्यम स्पष्ट लिहून घ्या. माझ्या मते परीक्षा देऊन टाकलेली बरी. निकाल अर्जाच्या आधीच्या 12 महिन्यांतला हवा, म्हणून सोडतीच्या फार आधी देऊ नका.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. सध्याचा पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल, म्हणजे घर निफाडला आणि भाड्याची खोली इंदिरानगरला, तर पडताळणी लांबते. भाडेकरार आधीच नोंदवून ठेवा. मेडिकल आणि छातीचा एक्स-रे ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावा लागतो. त्यासाठी मुंबई गाठावी लागेल, पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

पैसे. खात्यात साधारण 5,000 डॉलर आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे दाखवायचे असतात, म्हणजे साडेतीन-चार लाख रुपये धरा. व्हिसाची फी 650 डॉलरच्या पुढे आहे आणि दर जुलैत वाढते. काकांनी अर्जाच्या आदल्या दिवशी तीन लाख टाकले तर स्टेटमेंट बघणाऱ्याला ते लगेच दिसतं. पैसे तीन-चार महिने आधीपासून खात्यात असू द्या. घरच्यांनी दिले असतील तर त्यांचं साधं पत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडा. आरोग्य विम्यात काटकसर नको, तिथली मेडिकेअर ही सरकारी आरोग्य सेवा भारतीयांना लागू नाही आणि एका फ्रॅक्चरमध्ये सगळी शिल्लक जाते.

त्याच कागदांवर ब्रिटनच्या इंडिया यंग प्रोफेशनल्स योजनेतही नाव टाका. वर्षाला 3,000 जागा, व्हिसा दोन वर्षांचा, सोडत फेब्रुवारी आणि जुलैमध्ये, नोंदणी फुकट, पण खिडकी दोनच दिवस उघडते. पदवी पूर्ण हवी. खात्यात 2,530 पौंड सलग 28 दिवस हवेत. एक दिवस जरी खाली गेले तरी अर्ज नाकारतात, म्हणून रुपयाचा दर हलेल हे धरून वीस-पंचवीस हजार जादाच ठेवा. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, दोन वर्षांचा एकदम भरायचा. हा आकडा ऐनवेळी कळून बरेच जण मागे फिरतात.

आता ऑस्ट्रेलियाचं तिकीट कधीचं काढायचं. व्हिसा मंजूर झाल्यापासून 12 महिन्यांत तिथे पोचायचं आणि पोचल्यापासून 12 महिने राहता येतं. तेव्हा तारीख हंगाम बघून ठरवा. आंबे डार्विन-कॅथरिनकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर, चेरी टास्मानियात डिसेंबर-जानेवारी, खायची द्राक्षं मिल्ड्युराकडे जानेवारी ते एप्रिल. गंमत म्हणजे गोलार्ध उलटा असूनही द्राक्षांचे महिने दिंडोरी-पिंपळगावशी जुळतात, कारण आपण ऑक्टोबर छाटणी घेऊन माल उन्हाळ्याच्या तोंडावर आणतो. तिथे छाटणी एकदाच, जून ते ऑगस्टच्या थंडीत होते. घरची बाग असेल आणि घड देठाला धरून, मण्यांवरची लव न पुसता कात्रीने काढायची सवय असेल, तर ते बायोडेटात लिहा. पॅकहाउसमध्ये क्रेट भरलेत, प्रतवारी केलीत, तेही लिहा. द्राक्षाच्या बागायतदाराला ते पदवीपेक्षा जास्त कळतं. जूनमध्ये मेलबर्नला उतरून हॉटेलात काम शोधू नका. त्या महिन्यांत उत्तरेला, क्वीन्सलँडकडे जा, पर्यटनाचा भर तिकडे असतो.

एका मालकाकडे सहा महिन्यांहून जास्त काम करता येत नाही, शेती आणि आणखी काही क्षेत्रांना सवलत आहे. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेलं काम तीन महिने, म्हणजे 88 दिवस, करावं लागतं. शेती त्यात बसते. तुमचं हॉटेलचं काम मात्र फक्त उत्तर आणि दुर्गम भागातच धरलं जातं, सिडनी-मेलबर्नच्या कॅफेतलं नाही. काम स्वीकारण्याआधी त्या गावाचा पिनकोड गृहखात्याच्या यादीत बघा. आठवड्यातून दोन-तीन दिवसच बोलावलं तर तेवढेच दिवस मोजले जातात, मधल्या सुट्ट्या नाहीत. पे-स्लिप आणि बँकेचा उतारा नसेल तर काम केलेलं धरतच नाहीत, म्हणून रोख पगाराचं काम घेऊ नका.

पोचल्यावर आधी सिम आणि बँक खातं, मग टॅक्स फाइल नंबर, म्हणजे आपल्या पॅनसारखा कराचा नंबर. तो ऑनलाइन आणि फुकट मिळतो. मालकाने वर्किंग हॉलिडेवाल्यांना कामावर घेण्याची नोंदणी केली असेल तर 45,000 डॉलरपर्यंतच्या कमाईवर 15 टक्के कर कापला जातो. टॅक्स फाइल नंबर मालकाला दिला नाही तर 45 टक्के. "एबीएन (स्वतःचा धंदा करणाऱ्याचा नोंदणी नंबर) काढ, मग काम देतो" असं कोणी म्हणालं तर तो तुम्हाला कागदोपत्री ठेकेदार करून किमान वेतन चुकवतोय. 1 जुलै 2025 पासून किमान वेतन तासाला 24.95 डॉलर आहे आणि कॅज्युअल, म्हणजे लागेल तसं बोलावलेल्या कामगाराला त्यावर 25 टक्के जास्त. फळं क्रेटमागे काढायची असली तरी एप्रिल 2022 पासून तासाच्या किमान मजुरीची हमी आहे. रोज किती तास, किती क्रेट, हे वहीत लिहून ठेवा. तंटा झाला तर फेअर वर्क ऑम्बुड्समनकडे, म्हणजे पगाराच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयात, तीच वही कामी येते.

काम मिळण्याआधी डिपॉझिट मागणाऱ्या हॉस्टेलपासून सावध राहा. खोली आठवड्याच्या भाड्याने देतात आणि काम "पुढच्या सोमवारी" म्हणत लांबवतात. पहिल्या आठवड्याहून जास्त आगाऊ भरू नका आणि शेताच्या मालकाशी स्वतः फोनवर बोला. सरकारी हार्वेस्ट ट्रेल साइटवर कामं फुकट बघता येतात. दारू वाढायची असेल तर आरएसए (जबाबदारीने दारू देण्याचं प्रमाणपत्र) आणि बांधकामावर जायचं असेल तर व्हाइट कार्ड (बांधकामावरच्या सुरक्षेचं), हे छोटे कोर्स तिथे गेल्यावरच, ज्या राज्यात राहाल तिथले करा.

मालक पगाराशिवाय 12 टक्के सुपरमध्ये, म्हणजे आपल्या पीएफसारख्या निवृत्ती निधीत, भरतो. देश सोडल्यावर ते मागता येतात, पण या व्हिसावर त्यातले 65 टक्के करात जातात, त्यामुळे परतल्यावरच्या हिशेबात ती रक्कम धरू नका. अर्ज मात्र जरूर करा, आणि त्यासाठी खात्याचा नंबर व शेवटची पे-स्लिप मोबाइलमध्ये न ठेवता ईमेलवर टाकून ठेवा, कारण तिथलं सिम परतल्यावर बंद होतं.