तडा गेलेली फ्रेम आणि दुसऱ्याच्या नावाचं बिल

दिवाळी झाली की खानदेशात सायकली बाहेर निघतात. कुणी पाटणादेवीला जातं, कुणी पालला, हौस मोठी असेल तर तोरणमाळचा घाट. त्यानंतर महिनाभरात माझ्या सायकलच्या वर्कशॉपकडे गावोगावहून एकच प्रश्न येऊ लागतो: माउंटन बाईक जुनी घेतली होती, फ्रेमला तडा गेला, कंपनी बदलून देईल का? फोनवर एकेकाला सांगतो, पण आठ दिवसांनी तोच गैरसमज दुसऱ्या तालुक्यातून येतो. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (चोपडा): पुण्यात शिकणाऱ्या मित्राकडून दोन वर्षं वापरलेली सायकल घेतली. हँडलखाली, जिथे खालची जाड दांडी येऊन मिळते, तिथे तडा दिसतोय. कंपनी फ्रेमला ‘लाइफटाइम वॉरंटी’ देते असं तिच्या माहितीत लिहिलं आहे. मला मिळेल ना?

बहुधा मिळणार नाही. ‘लाइफटाइम’ म्हणजे सायकल आहे तोवर, असं सगळे धरून चालतात. बहुतेक कंपन्यांच्या अटींत ही हमी पहिल्या खरेदीदाराला असते. ज्याने अधिकृत दुकानातून नवी घेतली, ज्याच्या नावाचं बिल आहे, त्याच्याकडे सायकल असेपर्यंतच ती चालते. त्याने विकली की संपली. काही कंपन्या दुसऱ्या मालकालाही मर्यादित मुदत देतात, त्यामुळे तुमच्या मॉडेलच्या वर्षाच्या अटी वाचल्याशिवाय आशा सोडू नका आणि धरूही नका.

शिवाय हमी असते ती धातूतल्या किंवा जोडकामातल्या दोषाची. पडल्यामुळे, उड्या मारल्यामुळे किंवा झिजेमुळे गेलेला तडा तिच्यात बसत नाही. तडा कशाचा, हे कंपनीचा माणूस ठरवतो. मित्राकडून मूळ बिल मागून घ्या, तड्याचे जवळून आणि लांबून फोटो काढा आणि अधिकृत डीलरला दाखवा. तोवर सायकल भिंतीला टेकवून ठेवा.

प्रश्न (भुसावळ): मूळ मालक माझा मावसभाऊच आहे. त्यानेच स्वतःच्या नावाने क्लेम केला तर कुणाला कळणार?

खोटं सांगू नका. ‘सायकल अजून तुमच्याकडेच आहे का?’ हा प्रश्न डीलर बहुधा विचारतोच, आणि त्यावर सहीही लागू शकते. खरं सांगून नकार मिळाला, तरी बरेच डीलर स्वतःहून सवलतीत फ्रेम मिळते का ते विचारून बघतात. खोटं उघड झालं की तो दरवाजाही बंद होतो.

प्रश्न (पाचोरा): फ्रेमचा नंबर कुठे असतो?

सायकल उलटी करा. पायडलचा आस ज्या नळीतून जातो, तिच्या खालच्या बाजूला बहुधा कोरलेला असतो.

प्रश्न (धुळे): आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. उन्हात उभी राहून ॲल्युमिनियमची फ्रेम ‘कच्ची’ झाली आणि तडकली, असं सायकलवाल्याने सांगितलं.

साफ चूक. या धातूला बळकटी देण्यासाठी कारखान्यातच तो 160-170 अंशांवर तासन् तास ठेवतात. तुमच्या अंगणातल्या उन्हाने त्याला काही होत नाही. सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, किती वर काढली होती ते बघा. तिच्यावर किमान किती आत हवी याची खूण असते. उंच मुलगा लहान मापाची सायकल घेतो, ती खूण बाहेर येईपर्यंत सीट चढवतो, आणि सीटखालची नळी वरच्या टोकाला फाटते. आपल्याकडे हे फार दिसतं. जुन्या बाजारात जे माप मिळेल ते लोक उचलतात, म्हणून. अशा तड्याला कंपन्या सहसा हमी देत नाहीत.

प्रश्न (यावल): कंपनीने नकार दिला. गावातला वेल्डर म्हणतो, ‘काही व्हत नही भो, पक्कं करी देसू.’ तीनशे रुपयांत काम होतंय, तर करून घेऊ का?

नका करू. इथे मला सविस्तर लिहावंच लागेल, कारण वॉरंटीपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.

तुमचा वेल्डर ट्रॉलीचा हूक जोडतो, शेतातला लोखंडी मांडव उभा करतो, आणि ती कामं चोख करतो. ते लोखंड असतं. लोखंडी किंवा क्रोमोली (पोलादाचंच एक मिश्रण) फ्रेम जाणकार माणूस नीट जोडू शकतो. ॲल्युमिनियमचं गणित वेगळं आहे. सायकलीच्या फ्रेमला नेहमी वापरतात ते 6061 हे मिश्रण घ्या. त्याची ताकद नुसत्या धातूत नसते, उष्णतेच्या प्रक्रियेतून येते. आधी सगळी फ्रेम जोडतात, मग ती अख्खी भट्टीत सुमारे 530 अंशांपर्यंत तापवतात, पाण्यात झटकन थंड करतात, वाकलेली असेल तर सरळ करतात आणि मग वर सांगितलं तसं मंद आचेवर मुरवतात. तेव्हा कुठे ती दीड-दोन मिलिमीटरची नळी तुमचं वजन पेलते.

आता तयार फ्रेमवर टाका मारला की काय होतं? टाक्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मऊ पडतो आणि तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येते. टाका स्वतः टणक दिसतो. शेजारची नळी आतून मेलेली असते. पुढचा तडा टाक्यात जात नाही, शेजारी जातो, आणि मालक म्हणतो, ‘वेल्डिंग तर शाबूत आहे!’ आर्गॉन वायू वापरून वेल्डिंग केलं म्हणून यातून सुटका नाही. आर्गॉन हवेला लांब ठेवतो, उष्णतेला नाही. 7005 नावाचं दुसरं मिश्रण यात थोडं सोशिक आहे, पण तुमची फ्रेम कशाची आहे हे वेल्डरला माहीत नसतं, आणि नुसतं बघून मलाही सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट. लोखंडाला ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक त्याच्या खात्यावर जमा होतो. म्हणून ‘दोन वर्षं वापरलेली’ म्हणजे पाटावरच्या मातीच्या रस्त्याने वापरलेली की दगडगोट्यांवरून उड्या मारत वापरलेली, हे विकत घेण्याआधी विचारायचं असतं.

आणि या वेल्डिंगचा धंदाही होतो. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा माझ्या वर्कशॉपमध्ये सायकल घेऊन आला. रंग नवा कोरा, हँडलखाली मोठं चकचकीत स्टिकर. मी स्टिकर काढलं तर खाली घासून सपाट केलेला टाका. विकणाऱ्याने त्याला ‘कंपनी वॉरंटीत आहे’ असं सांगून सतरा हजार घेतले होते. पोरगं शेजारी उभं होतं, माझ्याकडे बघत होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. जुन्या सायकलीवर जोडाच्या ठिकाणी नवा रंग किंवा स्टिकर दिसलं की ते काढून दाखवा म्हणा. विकणारा कुरकुर करू लागला तर उठून या.

तुम्ही काय करावं? कंपनीला किंवा डीलरला सवलतीत नुसती फ्रेम मिळते का विचारा. नाहीतर दुसरी फ्रेम शोधा आणि जुने सुटे भाग तिच्यावर चढवा. पण आधी मापं एखाद्या जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्या. जुन्या मागच्या चाकाच्या आसाची रुंदी 135 मिलिमीटर आणि नव्या फ्रेममधली जागा 148 ची असेल तर ते बसत नाही. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची वरची नळी सरळ आहे की खाली रुंद होणारी, हेही बघावं लागतं. कंपनीने हमीत फ्रेम बदलून दिली तरी हीच अडचण येते, आणि मजुरी व नव्या भागांचा खर्च बहुधा आपल्यालाच पडतो.

प्रश्न (शहादा): दुकानदाराने जुनी सायकल विकताना बिलावर ‘फ्रेम वॉरंटी एक वर्ष’ असं लिहून दिलं. पाच महिन्यांत मागची दांडी तुटली. आता तो फोन उचलत नाही.

तुमची बाजू चोपड्याच्या वाचकापेक्षा चांगली आहे. ही हमी कंपनीची नाही, दुकानदाराची आहे, आणि ती लेखी आहे. त्याला स्पीड पोस्टाने लेखी तक्रार पाठवा. तुटलेली फ्रेम टाकू नका, तोच तुमचा पुरावा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे. लोक ‘बघू, देईल तो’ म्हणत ती घालवतात. तसं करू नका. कागद एकदा वकिलाला दाखवा.

ओळखीच्या माणसाकडून घरगुती व्यवहारात घेतली असती तर मार्ग इतका सोपा नव्हता. तिथे वकिलाचा सल्ला आधी.

प्रश्न (नंदुरबार): कार्बनची फ्रेम नाण्याने वाजवून आवाजावरून तडा कळतो, हे खरं का?

काही वेळा शंका येण्यापुरतं. खात्री करण्यापुरतं नाही. जाणकाराला दाखवा.

प्रश्न (रावेर): सायकलला मोटरचं किट बसवलं आहे. वॉरंटी राहते?

बहुतेक ठिकाणी जाते. दुधाचे कॅन बांधून रोजचा धंदा केला तरी तेच.

प्रश्न (अमळनेर): रंगाला केसासारखी रेघ दिसते. ती रंगाची आहे की फ्रेमची?

रेघ जोडाजवळ असेल तर फ्रेमचीच समजून चाला. जागा पुसून भिंगाने बघा. दोन्ही टोकांना पेनने खूण करून तारीख घाला आणि फोटो काढा. खात्री करायची तर तड्यात शिरणारा रंग लावून करायची तपासणी असते. इंजिनच्या सुट्या भागांचे तडे शोधायला ती करतात, चांगल्या मशीन शॉपला माहीत असते. रेघ वाढते का हे चालवून बघायचं नाही.

प्रश्न (जळगाव, एक आई): मुलाने कॉलेजातल्या सीनिअरकडून सायकल घेतली. हँडलखाली तडा सापडला आहे. रविवारी तोरणमाळची राइड आहे, पैसे भरून झालेत. तो म्हणतो, एवढी एकच राइड हळूहळू करतो, मग डीलरकडे देतो.

ताई, पाठवू नका. चढताना बहुधा काही होणार नाही, आणि त्यालाही वाटेल की आई उगाच घाबरते. उतरताना पुढचा ब्रेक दाबला की शरीराचा आणि सायकलचा भार नेमका त्याच जोडावर येतो. ॲल्युमिनियम तिथे वाकून इशारा देत नाही. तुटतं, आणि चाकासकट चिमटा वेगळा होतो. हळू चालवल्याने घाटाचा उतार कमी होत नाही. शिवाय तडा दिसल्यावरही सायकल चालवली हे कळलं तर हमी असली तरी कंपनीला नकाराला कारण मिळतं.

त्याने राइडच्या आयोजकांना आजच फोन करावा, बहुतेकांकडे एखादी सायकल मागून मिळते. फ्रेमचे फोटो आणि सीनिअरचं बिल उद्याच डीलरकडे द्या. मला दाखवायची असेल तर रिक्षात किंवा गाडीत टाकून आणा, चालवत आणू नका.