काजू आणि आंबा एकाच कुळातले आहेत का? गोव्यात कुळागरात (म्हणजे घराजवळच्या पारंपरिक बागायतीत), डोंगरावर दोन्ही शेजारी दिसतात, म्हणून विचारतो.

होय, दोघेही आम्र कुळातले, म्हणजे ॲनाकार्डिएसीमधले. फुलाफळांची रचना आणि डीएनए, दोन्हींवरून हे ठरलं आहे. घरबसल्या पटणारा पुरावा म्हणजे चीक: आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलातलं तेल, दोन्हींत एकमेकांशी मिळतीजुळती दाहक द्रव्यं असतात, त्यामुळेच कातडी भाजते. बिब्बाही याच कुळातला. त्याची बी काजूसारखीच मांसल बोंडाच्या टोकाला बाहेर लागते, जरूर निरखून बघा! मात्र शेजारावरून नातं ठरवू नका. काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेला. आणि त्याच कुळागरातलं कोकम या कुळातलं नाहीच, ते मँगोस्टीन या फळाचं भावंड, आणि नावात 'मँगो' असलं तरी मँगोस्टीन आंब्याच्या कुळातलं नाही.