लेक मोर्चाला चाललीये, अडवू का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी दांडिया बाजारात राहते. मुलगी अमेरिकेत मिनेसोटाला एमएस करतेय. पोलीस काळ्या लोकांशी जसं वागतात त्याच्या विरोधात तिथे मोर्चा निघणार आहे आणि तिला मैत्रिणींबरोबर जायचंय. घरात रोज वाद. हे म्हणतात शिकायला गेलीये ना, परक्यांच्या भानगडीत कशाला पडायचं, व्हिसा गेला म्हणजे? दीर म्हणतात मोर्चे म्हणजे नुसती जाळपोळ. मला मनातून तिचं पटतं पण जीव घाबरतो. काय सांगू?

उत्तर: जे मनातून पटतंय ते आधी तिला सांगा, भीतीचं नंतर बोला.

दिरांचं म्हणणं मी समजू शकते, टीव्हीवर आगीच दाखवतात. 2020 मध्ये मिनेसोटातल्याच मिनियापोलिस शहरात दुकानं, पोलीस ठाणं जळलं हे खरंच आहे आणि ते वाईटच झालं. पण त्या उन्हाळ्यात देशभर जी हजारो निदर्शनं झाली त्यातली 90 टक्क्यांहून जास्त शांततेत पार पडली, त्यांचं फुटेज कोण दाखवणार? आणि लोक रस्त्यावर का आले ते बघा ना. 20 डॉलरची नोट खोटी असल्याची तक्रार, तेवढ्यावरून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला धरलं आणि एक पोलीस नऊ मिनिटांच्या वर त्याच्या मानेवर गुडघा दाबून बसला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात काय होतं, तर कारवाईच्या वेळी तब्येत बिघडून एका माणसाचा मृत्यू. गुडघ्याचा उल्लेखच नाही! 17 वर्षांच्या एका मुलीने फुटपाथवर उभं राहून मोबाईलवर शूट केलं म्हणून जगाला कळलं, आणि 2021 मध्ये त्या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. ती पोरगी परक्याची भानगड म्हणून पुढे निघून गेली असती तर?

परक्याचं म्हणाल तर जोतिबांनी 1873 सालीच आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं होतं. आणि आपण तर बडोदेकर. सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर 1913 ला बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला गेले, 1917 ला इथे नोकरीवर आले तर याच शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. त्याच बाबासाहेबांनी 1946 मध्ये डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं, तिथले काळे लोक आपल्यावरच्या अन्यायाबद्दल युनोकडे जो अर्ज करत होते त्याची प्रत मागवायला, कारण अस्पृश्यांसाठीही तसंच करायचं त्यांच्या मनात होतं. तुमची लेक काही नवीन करत नाहीये.

आता व्हिसा. ही भीती खोटी नाही. शांततेने जमायचा हक्क तिथल्या राज्यघटनेत आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही तो आहे, पण अटक झाली तर केस पुढे टिकली नाही तरी व्हिसाला त्रास होऊ शकतो. म्हणून तिला सांगा, परवानगी घेतलेल्या, दिवसाच्या मोर्चालाच जा, एकटी नको, पोलिसांनी पांगायला सांगितलं की वाद न घालता निघ, वकिलाचा नंबर पेनने हातावर लिही, मोबाईल हिसकावला जाऊ शकतो. युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात आधी विचारून ठेव. आणि नाहीच जावंसं वाटलं तर पाण्याच्या बाटल्या पोचवणं, अटक झालेल्यांच्या वकिलांच्या फंडाला पाच-दहा डॉलर देणं, हेही कामच आहे.

प्रश्न: अमेरिकेतल्या पोलिसांच्या अत्याचाराबद्दल बडोद्यात बसून आपण काय करणार, स्टेटस ठेवणार? – एक विद्यार्थी, फतेगंज

उत्तर: स्टेटस जरूर ठेव, पण लॉकअपमध्ये मार आपल्याकडेही बसतो रे, आणि बहुतेक गरिबालाच. छळाविरुद्धच्या युनोच्या करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही, यावर बोला, आपल्या खासदाराला लिहा. आणि डी. के. बसू केसमधला सुप्रीम कोर्टाचा 1996 चा निकाल वाचून ठेव, अटक करताना पोलिसांनी काय पाळायचं ते त्यात आहे. वस्तीतल्या कुणाला उचललं की घरचे एकटे ठाण्यात जायला घाबरतात, तू बरोबर जा, आवाज न चढवता अरेस्ट मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद माग, त्यावर घरच्या किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. अटकेची वेळ लिहिलीये ना ते आधी बघायचं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचे 24 तास तिथूनच मोजतात.