सरकारी खर्चाला आणि भत्त्यांना कात्री लावली की लोक कामाला लागतात, हे ब्रिटनच्या अनुभवावरून खरं ठरतं का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की ब्रिटनने 2010 नंतर भत्ते, म्हणजे बेकारांना आणि गरिबांना मिळणारी सरकारी मदत, कापले आणि बेरोजगारी निम्म्यावर आली, मग आपण लाडकी बहीणसारख्या योजनांवर पैसे का घालवायचे? यातलं पहिलं वाक्य आकड्यांपुरतं बरोबर आहे. 2011च्या अखेरीस ब्रिटनमधली बेरोजगारी साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती, 2019 मध्ये ती चार टक्क्यांच्या खाली आली. पण दुसरा एक आकडाही बघा. ट्रसेल ट्रस्ट या सेवाभावी संस्थेच्या फूड बँका गरजूंना तीन दिवस पुरेल असा शिधा फुकट देतात. 2010-11 मध्ये असे सुमारे 61 हजार शिधे वाटले गेले, 2019-20 मध्ये 19 लाख. फूड बँकांचं जाळं वाढलं म्हणून काही वाढ दिसते, हे मान्य. पण रिकाम्या पोटाची माणसंच नसती तर ते जाळं वाढलं असतं कशाला?

म्हणजे कामावरची माणसंही वाढली आणि दारात शिध्यासाठी उभी राहणारीही वाढली. त्यातली बरीचशी तीच ती माणसं आहेत, आणि खरं उत्तर तिथे आहे.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरला राहते, मूळची इचलकरंजीची. छोट्या कंपन्यांचे पगार काढून देणाऱ्या एका ऑफिसात काम करते आणि सवड असेल त्या शनिवारी एका फूड बँकेत जाते. अर्थशास्त्राची पदवी नाही, पण कुणाच्या हातात महिन्याला किती पडतात ते रोज बघते.

आधी थोडी पार्श्वभूमी. 2008 मध्ये बँका बुडायला आल्या, सरकारने त्या वाचवल्या, मंदीत करवसुली घटली आणि 2009-10 मध्ये तूट जीडीपीच्या दहा टक्क्यांवर गेली. मे 2010 मध्ये डेव्हिड कॅमेरन यांचं आघाडी सरकार आलं आणि जून महिन्यात अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी तातडीचा अर्थसंकल्प मांडला. आधीच्या सरकारने देशाचं क्रेडिट कार्ड पार संपवलं, आता काटकसर करायची, असा सगळा सूर. लोकांना ते पटलंही, कारण घर चालवणाऱ्या कुणालाही ते पटतं. फरक एवढाच की आपण घरी दूध-पेपर बंद केला म्हणून आपला पगार कमी होत नाही. सरकारने खर्च कमी केला की कुणाचा तरी पगारच थांबतो, तो माणूस दुकानात जायचा थांबतो आणि कर भरायचाही थांबतो. कपातीमुळे सरकारी क्षेत्रातल्या सुमारे पाच लाख नोकऱ्या जातील असा अंदाज 2010 मध्येच बांधला गेला होता. जानेवारी 2011 पासून व्हॅट साडेसतरावरून वीस टक्के झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पंचविशीच्या आतले दहा लाखांहून जास्त तरुण बेकार होते.

त्या वेळी या धोरणाला शास्त्राचा आधार म्हणून दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांचा, राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा, एक निबंध पुढे केला जायचा. कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, असा त्याचा मथितार्थ. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल शीट तपासली आणि सरासरी काढताना काही देशांच्या ओळी सुटल्याचं दाखवून दिलं. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनीही मान्य केलं की कपातीचा वाढीवर होणारा आघात आपण कमी धरला होता. इकडे तूट 2015 पर्यंत संपवायचं उद्दिष्ट हुकलं, फेब्रुवारी 2013 मध्ये मूडीज या पतमानांकन संस्थेने ब्रिटनचं ट्रिपल ए हे सर्वोच्च मानांकन काढून घेतलं, आणि कर्जाचं जीडीपीशी असलेलं प्रमाण कमी व्हायच्याऐवजी वाढत राहिलं. ग्रीसमध्ये तर कपातीने बेरोजगारी थेट 27 टक्क्यांवर नेली. ब्रिटनचं तेवढं वाटोळं झालं नाही, कारण पौंड स्वतःचा, बँक ऑफ इंग्लंड स्वतःची आणि व्याजदर अर्धा टक्का.

मग बेरोजगारी घटली कशी? मुख्यतः मजुरी घटली म्हणून. 2008 नंतर कित्येक वर्षं पगार महागाईच्या मागे राहिले. माणूस स्वस्त झाला, मालकांनी माणसं घेतली. पण घेतली ती कशी? 2019च्या अखेरीस नऊ लाखांहून जास्त लोक झिरो अवर्स करारावर होते. म्हणजे नोकरी आहे, पण या आठवड्यात तीस तास मिळतील की सहा, हे फोन येईपर्यंत कळत नाही. बेरोजगारीच्या आकड्यात असा माणूस येत नाही. आठवड्यात एक तास पगारी काम केलं तरी तो रोजगारात धरला जातो.

आता भत्त्यांकडे येऊ. एकाच कपातीचा हिशोब सांगते, एप्रिल 2013 मध्ये आलेल्या 'बेडरूम टॅक्स'चा. नावात टॅक्स असला तरी तो कर नव्हता, घरभाड्याच्या मदतीतली कपात होती. कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) किंवा हाउसिंग असोसिएशनच्या (ना-नफा संस्थेच्या) घरात एक खोली 'जास्त' असेल तर 14 टक्के कपात, दोन किंवा अधिक असतील तर 25 टक्के. समजा आठवड्याचं भाडं 90 पौंड आहे. एक खोली जास्त, म्हणून 12 पौंड 60 पेन्स खिशातून भरायचे. आणि बेकार माणसाचा त्या वर्षीचा भत्ता होता आठवड्याला 71 पौंड 70 पेन्स. राहिले 59 पौंड, त्यात वीज, गॅस, पाणी, जेवण, बसचं भाडं. सरकारचं म्हणणं, लहान घरात जा. पण एका खोलीची सरकारी घरं पुरेशी कुठे आहेत? शिवाय आजारपणामुळे वेगळी खोली लागत असली तरी बऱ्याचदा आधी कपात व्हायची आणि मग अर्ज-विनंत्या. पेन्शनच्या वयाच्या लोकांना यातून सूट होती. एकंदरीत निवृत्तांच्या पेन्शनला कुणी हात लावला नाही, उलट ती दरवर्षी हमखास वाढेल अशी सोय केली. म्हातारे मतदानाला जातात, हे इथल्या पुढाऱ्यांनाही ठाऊक आहे.

बाकीच्यांचं काय झालं? एका कुटुंबाला मिळणाऱ्या एकूण मदतीवर वर्षाला 26 हजार पौंडांची मर्यादा आली, 2016 मध्ये ती लंडनसाठी 23 हजार आणि बाकी देशासाठी 20 हजार झाली. 2016 ते 2020 बहुतेक भत्ते गोठवले, म्हणजे महागाई वाढेल तसतसे ते आपोआप आटत गेले. एप्रिल 2017 नंतर जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलांसाठी उत्पन्न बघून मिळणारी मदत बंद. जॉबसेंटरची, म्हणजे सरकारी रोजगार केंद्राची, भेट चुकली, नोकऱ्यांचे ठरलेले अर्ज भरले नाहीत, तर भत्ता काही आठवडे, काही वेळा महिनोन्‌महिने बंद. 2013च्या सुमाराला अशा शिक्षा वर्षाला नऊ-दहा लाखांच्या घरात होत्या.

तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात थेट उत्तर या शिक्षांपाशी मिळतं. दंड बसला की माणूस नोकरी शोधायला पळतो, हा सगळ्या धोरणाचा पाया होता. ते तपासायला खुद्द सरकारच्या खात्याने अभ्यास करून घेतला आणि मग तो बरीच वर्षं दाबून ठेवला. माहिती आयुक्तांनी सांगितल्यावर एप्रिल 2023 मध्ये तो बाहेर आला. निष्कर्ष असा की शिक्षा झालेला माणूस पगारी कामात उलट उशिरा जातो, आणि जातो तेव्हा कमी पगारावर जातो. फूड बँकेत बसून याचं आश्चर्य वाटत नाही. फोनमध्ये पैसे नाहीत, बसला पैसे नाहीत, मुलाखतीचा शर्ट धुवायला वीज नाही, तर नोकरी शोधणार कशी?

विजेचं जरा सविस्तर सांगते, कारण भारतात असताना मला हे माहीतच नव्हतं. बऱ्याच गरीब घरांत प्रीपेड मीटर असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मीटरच्या चावीवर पाच-दहा पौंड भरून आणायचे, ते संपले की घरात अंधार. वीजकंपनी कुणाचं कनेक्शन तोडत नाही, माणूस स्वतःच तुटतो. म्हणून फूड बँकेत शिधा भरताना आम्ही विचारतो, घरात शिजवायची सोय आहे ना? काहींकडे फक्त किटली असते. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी, त्यात गरम पाणी ओतून होणारं सूप, नूडल्स, ओट्स. काहींकडे तीही चालू नसते, त्यांना थंडच खाता येईल असं. डबे देताना बघायचं, वरची कडी ओढून उघडणारे आहेत ना, कारण डबा फोडायचं ओपनर सगळ्यांकडे नसतं. पिशवी नेणाऱ्यांत सुपरमार्केटचा गणवेश घातलेली माणसं असतात, वृद्धाश्रमात रात्रपाळी करून आलेल्या बायका असतात. 2019-20 मध्ये इथल्या दर चार गरीब मुलांपैकी तिघांच्या घरात कुणी ना कुणी कामाला होतं.

माझ्या टेबलावर दिसणारी गोष्ट आणखी वेगळी. सहा जुन्या भत्त्यांची मोट बांधून 'युनिव्हर्सल क्रेडिट' आणलं. कल्पना वाईट नव्हती, सहा खिडक्यांच्या जागी एक. पण पहिले पैसे हातात पडायला पाच आठवडे, सुरुवातीला तर सहा. तोवर उचल मिळते, पण ती कर्जाऊ, पुढच्या महिन्यांतून कापून घेतात. आणि हिशोब कॉम्प्युटर करतो, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखांमध्ये जमा झालेल्या पगारावरून. एखाद्या बाईचा हिशोबाचा महिना 30 तारखेला सुरू होतो आणि पगारही 30ला होतो असं धरा. 30ला रविवार आला की आम्ही पगार शुक्रवारी 28लाच टाकतो, चांगल्या हेतूने. कॉम्प्युटरला दिसतं की बाईंनी एका महिन्यात दोन पगार मिळवले. त्या महिन्याची मदत कोसळते किंवा शून्य होते. अशाच चार एकट्या मातांनी खटला लढवला आणि जून 2020 मध्ये अपील न्यायालयाने हा हिशोब तर्कविसंगत ठरवला. त्यानंतर नियमात दुरुस्ती झाली. या चौघीही नोकरी करणाऱ्या होत्या, हे विसरू नका. 'काम करा म्हणजे सुटाल' हे ज्यांना सांगितलं, त्या कामच करत होत्या.

लेस्टरचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. इचलकरंजीसारखंच हे कापडाचं गाव, एकेकाळी मोजे आणि होजियरीसाठी नावाजलेलं. इथल्या काही शिवणकाम कारखान्यांत ताशी साडेतीन पौंडांवर माणसं राबत असल्याचं वर्तमानपत्रांनी 2018 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये उघडं पाडलं. किमान वेतन तेव्हा ताशी पावणेआठ-पावणेनऊ पौंड होतं. यात राबणाऱ्या बऱ्याच बायका भारतीय उपखंडातून आलेल्या. ज्यांच्या व्हिसावर 'सरकारी मदतीचा हक्क नाही' अशी अट असते, त्यांच्यासाठी भत्ता शून्यच असतो. कात्री पार मुळाशी लावली की काय होतं, याचा हा जिवंत नमुना. लोक कामाला लागतात, अगदी नक्की लागतात. साडेतीन पौंडांवर. इकडे येणाऱ्या मराठी मुलामुलींच्या व्हिसावरही हीच अट असते, तेव्हा नोकरी गेली तर सरकार बघेल या भ्रमात कुणी येऊ नये.

दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे तेही सांगायला हवं. कपातीच्याच काळात किमान वेतन बऱ्यापैकी वाढलं, करमुक्त उत्पन्नाची मर्यादा साडेसहा हजारांच्या आसपासवरून साडेबारा हजारांवर गेली. एकट्या मातांमध्ये नोकरी करणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. आणि जुन्या व्यवस्थेत जास्त तास काम केलं तर हातात काहीच उरायचं नाही, ही तक्रार खोटी नव्हती. पण त्याच वर्षांत कंपन्यांवरचा कर 28 वरून 19 टक्क्यांवर आला आणि सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा आयकर 50 वरून 45 वर. तिजोरी रिकामी असल्याचं फक्त एकाच रांगेतल्या लोकांना सांगितलं गेलं, असं माझं मत आहे.

कौन्सिलांचं थोडक्यात. केंद्राकडून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना मिळणारा पैसा 2010-11 ते 2017-18 या काळात निम्म्यावर आला. वाचनालयं, लहान मुलांची केंद्रं, युवक मंडळं बंद झाली. 2018 मध्ये नॉर्थॅम्प्टनशर कौन्सिलने हात वर केले.

लाडकी बहीणबद्दल ब्रिटनवरून काहीच सिद्ध होणार नाही. महिन्याचे 1,500 रुपये हा काही बेकारभत्ता नाही, ते मिळतात म्हणून कुणी काम सोडून बसेल एवढी ती रक्कमही नाही. ती योजना निवडणुकीच्या तोंडावर आणली, पैसा कुठून काढला, हे प्रश्न विचारायलाच हवेत, पण ते वेगळे. तुलनाच करायची तर 1972च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या आपल्या रोजगार हमीशी करा. तिथे 'काम कर' म्हणताना कामही सरकारच देतं. इथे फक्त पहिला अर्धा भाग होता.

सध्याची स्थिती अशी की 2024 मध्ये आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनेही सुरुवात कपातीनेच केली. वृद्धांचा हिवाळी इंधनभत्ता बहुतेकांसाठी बंद केला, वर्षभरात त्यातून माघार घेतली. अपंगांच्या भत्त्यातली कपात स्वपक्षीय खासदारांनी अडवली. नोव्हेंबर 2025च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तिसऱ्या मुलाची मदत रोखणारी दोन मुलांची अट एप्रिल 2026 पासून उठवायची घोषणा केली. कुटुंबाच्या एकूण मदतीवरची मर्यादा मात्र त्यांनी हटवली नाही. त्यामुळे लंडनसारख्या महाग भाड्याच्या ठिकाणी तिसऱ्या मुलाचे पैसे एका हाताने मिळून दुसऱ्या हाताने जातील, अशी बरीच घरं असतील.