घरभाड्याच्या हिशेबात तुझा पगारही धर

*ताई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला स्वतःच्या घरात राहतो. मिस्टरांना हिंजवडीत नोकरी लागून चार महिने झाले. ते तिथे पीजीत राहतात, शनिवार-रविवारी येतात. आता मे महिन्यात सगळ्यांनीच पुण्याला जायचं ठरलंय. मुलगी चौथीत आहे, मुलगा साडेतीन वर्षांचा. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मिस्टरांनी पुनावळ्यात चौदाव्या मजल्यावरचा टू बीएचके बघितलाय. भाडं २४ हजार, ऑफिस वीस मिनिटांवर. फ्लॅट छान आहे, पण खाली उतरलं की रस्ता अर्धवट, चहूकडे बांधकामं, दुकानं लांब. दीर कोथरूडला असतात. ते म्हणतात, सेफ एरिया हवा तर इकडेच या. पण तिथलं भाडं झेपत नाही. सासूबाई म्हणतात, मी सोलापुरातच राहते. मी काही बोलले की मिस्टर म्हणतात, तू उगाच घाबरतेस. येत्या रविवारी टोकन द्यायचंय. मी इथे पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १७ हजार मिळतात. तिकडे काही मिळालं तर बघू. आमच्यासारख्यांना सुरक्षित आणि परवडणारा एरिया कुठला?*
*— सोलापूरची एक वाचक*

वयानं तू माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून एकेरीच लिहिते.

सासूबाईंचे गुडघे, दिरांचं मत, नवऱ्याचं ऑफिस, सगळ्यांबद्दल तू लिहिलंस आणि स्वतःच्या नोकरीची बोळवण एका वाक्यात केलीस. 'तिकडे काही मिळालं तर बघू.' खरी गोम तिथेच आहे. घर कुठे घ्यायचं हे ठरवताना तुझी नोकरी आधीच सुटली असं तुम्ही दोघांनी धरून टाकलंय, आणि त्यामुळे सगळा हिशेब चुकतोय.

हिशेब मांडून बघ. पुनावळ्याचं भाडं २४ हजार. लॅबचं काम सकाळी सातला सुरू होतं, उपाशीपोटीचं रक्त द्यायला माणसं तेव्हाच येतात. ही कामं मिळतात ती चिंचवड, थेरगाव, पिंपरी, वाकड या बाजूला, जिथे रुग्णालयं आहेत. चौदाव्या मजल्यावरून मुलाला सोबत घेऊन उतरायचं, त्याला कुणाकडे तरी सोडायचं, मग महामार्गाखालचा अंडरपास ओलांडून सातच्या आत पोचायचं. आठ-पंधरा दिवस तू करशील, मग थकून सोडशील. तसं झालं तर तुझा बुडालेला १७ हजारांचा पगार धरून ते २४ हजारांचं घर तुम्हाला महिन्याला ४१ हजारांना पडलं. त्यात मुलीची स्कूल व्हॅन, प्रत्येक वस्तू घरपोच मागवण्याचा खर्च आणि सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायची रिक्षा मी धरलेलीच नाही. याउलट दुसरीकडे २७ हजार भाडं भरून तुझी नोकरी टिकत असेल, तर ते घर स्वस्त आहे. नवऱ्याशी बोलताना भीतीचा विषय काढूच नकोस. हे आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेव.

आता सुरक्षिततेचं. गेटवर रखवालदार, कॅमेरे, येणाऱ्याची नोंद या गोष्टी वाईट नाहीत. पण ती सुरक्षा गेटच्या आतली. तुझी मुलगी पाचवीत जाणार, म्हणजे पेन्सिल आणायला, मैत्रिणीकडे, क्लासला ती गेटबाहेर पडणारच. नव्यानं उभ्या राहणाऱ्या भागात मुलांना सगळ्यात मोठा धोका चोराचा नसतो, रस्त्याचा असतो. हिंजवडी, माण, मारुंजी, पुनावळे, ताथवडे या पट्ट्यात सिमेंटचे मिक्सर आणि डंपर दिवसभर फिरतात, पदपथ मध्येच संपतो, ड्रेनेजसाठी खणलेले चर तसेच पडलेले असतात. तिथल्या अपघातांच्या बातम्या तूही वाचल्या असशील. 'रस्ता अर्धवट' असं तू लिहिलंस. ते उगाच घाबरणं नाही, तुला बरोबर दिसलंय, आणि ते तू ठामपणे सांगायला हवंस.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. एखाद्या भागात रात्री आठ-साडेआठला बायका भाजी घ्यायला बाहेर दिसतात का, म्हातारी माणसं कट्ट्यावर बसलेली असतात का, किराणा दुकान आणि औषधाचं दुकान उघडं असतं का, रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात का, यावरून मला त्या भागाचा जितका अंदाज येतो तितका कुठल्याही जाहिरातीवरून येत नाही. जिथे चार ओळखीचे दुकानदार असतात तिथे मुलगी पाच मिनिटं उशिरा आली तर कुणीतरी 'आत्ताच इथून गेली' असं सांगतं. नव्या टॉवरमध्ये ही ओळख व्हायला वर्षं जातात, कारण निम्म्या घरांत भाडेकरू असतात आणि तेही दर अकरा महिन्यांनी बदलतात.

दिरांचं कोथरूड मी थोडक्यात बाजूला ठेवते. भाग चांगला आहे, शाळा आहेत, वनाजला मेट्रो आहे. पण भाडं तुम्हाला झेपत नाही हे तूच सांगतेस. शिवाय चांदणी चौकातून हिंजवडीला जायचं म्हणजे गर्दीच्या वेळी नवऱ्याचा जाऊन-येऊन दोन तासांहून जास्त वेळ रस्त्यात जाईल. ज्याच्यासाठी सगळं घर हलतंय त्यालाच मुलं झोपलेली दिसणार असतील, तर चार महिन्यांच्या पीजीत आणि यात फरक तो काय?

मी तुमच्या जागी असते तर थेरगाव, चिंचवडगाव आणि काळेवाडी फाट्याच्या आसपास शोधलं असतं. डांगे चौक, भूमकर चौक करत हिंजवडी गाठता येतं. वाहतूक तुंबते हे खरं, नवऱ्याला वीस मिनिटांऐवजी चाळीस-पन्नास लागतील. पण महामार्गाखालच्या अंडरपासांवर पुनावळ्याची वीस मिनिटंसुद्धा ऑफिसच्या वेळेला वीस राहत नाहीत. त्यांनी ती रविवारी मोजली असतील तर सोमवारी सकाळी नऊला पुन्हा मोजायला सांग. थेरगावात महापालिकेचं रुग्णालय आहे, पिंपरीला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयं आणि लॅब भरपूर आहेत. म्हणजे सासूबाईंचे डॉक्टर आणि तुझी नोकरी एकाच बाजूला. वस्ती जुनी आहे, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर मिळतात, भाजी मंडई आहे. पिंपळे गुरव आणि नवी सांगवीही बघून ठेव. तिथे सोलापूर, लातूर, धाराशिवकडची माणसं एवढी आहेत की सासूबाईंना बोलायला कुणीतरी आपल्याकडचं सापडेलच. फक्त तिथून हिंजवडी थोडी लांब पडते.

या जुन्या भागांतही डोळे उघडे ठेवावे लागतात. तीन-चार मजली बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही, तिथे पहिल्या मजल्याच्या वरचं घर बघूच नका. आणि नदी. पवनेला पाणी वाढलं की चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिरात शिरतं, आणि मुळा-पवनेच्या काठच्या सांगवीतल्या काही सोसायट्यांतही दर मोठ्या पावसात धावपळ होते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांत नदीचं पाणी कसं शिरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. नकाशावर नदीच्या दोन पूररेषा असतात : निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत कुठल्या रेषेत येते ते एजंटला विचार. पण त्याच्या उत्तरावर थांबू नकोस. तळमजल्यावर जो राहतो त्याला आणि समोरच्या इस्त्रीवाल्याला विचार, पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते हातानं उंची दाखवतील.

पिण्याच्या पाण्याबद्दल सोलापूरच्या बाईला मी काय शिकवणार! चार-चार दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्यावर तू घर चालवलंयस. पण पुण्याला गेलं की पाण्याची ददात मिटली असं मात्र समजू नकोस. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येतं, आणि नव्या टॉवरांना उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावं लागतं. म्हणून 'पाणी आहे ना?' असं विचारायचंच नाही, कारण हो म्हणायला कुणाचं काय जातं? 'एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे?' असं विचारायचं. चौदाव्या मजल्यावर राहायचं असेल तर वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हेही.

घराच्या आधी शाळा बघ. लोक उलटं करतात, करार झाल्यावर शाळा शोधायला लागतात आणि मग जिथे जागा मिळेल तिथे मुलाला घालतात. शाळा महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अनधिकृत शाळांच्या यादीत नाही ना, हे पाहून घे. त्या याद्या दरवर्षी जाहीर होतात. शाळेला यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक, मागितला की जी शाळा बरोबर आहे ती लगेच देते. इथला शाळा सोडल्याचा दाखला वार्षिक परीक्षा झाल्या झाल्या मागून घे, जूनच्या धामधुमीत तो मिळवणं त्रासाचं होतं.

टोकन येत्या रविवारी देऊ नका. हे मी आग्रहानं सांगते. 'आज नाही दिलं तर फ्लॅट जाईल' असं प्रत्येक एजंट म्हणतो, आणि गेला तर दुसरा मिळतो. मालकाचं नाव वीजबिलाशी किंवा इंडेक्स टूशी, म्हणजे घराच्या खरेदी नोंदणीच्या उताऱ्याशी, जुळवून बघितल्याशिवाय एक रुपयाही कुणाच्या खात्यात पाठवायचा नाही. करार अकरा महिन्यांचाच असला तरी तो नोंदणीकृतच हवा, नुसत्या स्टॅम्प पेपरवरची नोटरी चालणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी करार करून तो नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्यानं तो केला नाही आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे कितीतरी भाडेकरूंना माहीतच नसतं. लॉक-इनचा काळ, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, शक्य तितका कमी ठेवा आणि नोटीस एक महिन्याची. कारण पहिलं घर चुकू शकतं, आणि ते चुकलं तर सोडता आलं पाहिजे. विकत घ्यायचा विचार वर्षभर तरी मनात आणू नका, बँक कितीही कर्ज देवो.

आता नवऱ्याशी बोलण्याचं. चार महिने ते एका कॉटवर, मेसच्या डब्यावर काढतायत. मुलं आणि तू लवकर जवळ यावीत म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी हिंडून ते घर शोधलं, त्यांना त्यात कौतुकाची अपेक्षा असणार. आधी ते कौतुक कर, मनापासून कर. मग म्हण, "तुम्ही दिवसाचे दहा तास ऑफिसात असणार, आम्ही तिघं-चौघं चोवीस तास या घरात. एक शनिवार मला त्या भागात माझ्या पायांनी हिंडू द्या." या वेळी त्यांनी सोलापूरला येण्याऐवजी शुक्रवारी रात्री तुम्हीच निघा. पुनावळं आणि थेरगाव दोन्ही बघा. सकाळी शाळांच्या वेळेला एकदा, रात्री आठला एकदा. जाताना डीएमएलटीचं, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेचं, प्रमाणपत्र आणि अनुभवाचं पत्र सोबत ठेव, आणि दोन-तीन लॅबमध्ये स्वतः जाऊन विचार. उत्तर लगेच मिळालं नाही तरी पगार किती आणि वेळ काय हे कळेल, आणि तो आकडा तुझ्या कागदावर लिहिता येईल. एवढं सगळं बघूनही दोघांना पुनावळंच बरं वाटलं तर तिथे जा. पण मग मुलाला कुठे ठेवायचं आणि तू कामावर कशी जाणार, हे जाण्याआधी दोघांनी मिळून ठरवा.

राहिल्या सासूबाई. 'मी इथेच राहते' असं म्हणणाऱ्या बाईला बहुतेक वेळा कुणी घर दाखवायला नेलेलं नसतं. त्यांनाही त्या शनिवारी घेऊन जा. गुडघ्यांमुळे फार हिंडता येणार नाही, पण इमारतीची पायरी चढताना आणि खालच्या बाकावर बसताना त्यांना जे कळेल ते तुला-मला नाही कळणार. आणि सोलापूरचं घर लगेच भाड्यानं देऊ नका. पहिलं वर्ष ते तसंच राहू द्या, थोडी ओढाताण झाली तरी. जानेवारीत सिद्धेश्वरच्या यात्रेला त्यांना स्वतःच्या घरात उतरता येईल हे कळलं, तर त्या बॅग भरायला तयार होतील असं मला वाटतं.