नट तीन आट्यांवर अडकतोय? पेस्ट लावू नका, आधी दहा आटे मोजा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् पोटात गोळाच आला. जुन्या विलायती मिलिंग मशीनच्या टेबलाचा नट, म्हणजे टेबल सरकवणारा स्क्रू ज्यात फिरतो तो, झिजला, लेथवाल्याकडून गनमेटलचा (एक जातीचा कासा) नवा करून आणला, तो तीन-चार आटे मस्त जातो अन् मग जाम, आता व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट (खरखरीत कण असलेली, धातू घासायची) लावून फिरवू का म्हणता. नका फिरवू. तो डबा आधी मशीनपासून दूर ठेवा, मग पुढचं वाचा.

मी हिंगणघाटच्या बाजूला राहतो, पंप अन् थ्रेशरची किरकोळ कामं करतो. इंजिनिअर नाही, तेव्हा मी सांगतो ते तपासूनच घ्या. माझं मशीन एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारातून आलं. हॅन्डल पाव चक्कर फिरल्यावर टेबलाला जाग यायची एवढा बॅकलॅश. मी व्हर्निअर घेतलं, एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर, म्हणजे पिच, पाहिलं, पाच मिलिमीटर, झालं. कागदावर 'पाच पिच, डावा आटा' लिहून टर्नरला देऊन आलो. स्क्रूचे आटे उलट्या दिशेचे, तो डावा तेवढं लिहिलं हेच नशीब.

मशीन इंचाचं होतं हो! मेट्रिकचा कायदा आपल्याकडं १९५६ चा, त्या विलायती मशीनला त्याचं काय. स्क्रूला इंचात पाच आटे, म्हणजे पिच ५.०८ मिलिमीटर. झिजलेल्या एका आट्यावर ०.०८ चा फरक व्हर्निअरवर कुठं कळतो? पण ४५ मिलिमीटरच्या नटात नऊ आटे, नऊ वेळा ०.०८ म्हणजे ०.७२. पहिले तीन आटे ढिलाईत खपून जातात, मग अडकतं. तुमचंही तेच झालं असणार, पैज लावतो. बरं, पैज राहू द्या, मोजा. स्क्रूच्या टोकाला, जिथं नट कधी जातच नाही तिथं, सलग दहा आट्यांचं अंतर घ्या. ५०.८ आलं तर इंच, ५० आलं तर मेट्रिक. डायलवर २०० रेघा असतील तर इंचाचाच संशय घ्या, एक रेघ एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

यात चीड कशाची येते सांगू? त्या टर्नरच्या जुन्या लेथचा लीड स्क्रूच, म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढं सरकवणारा स्क्रू, इंचात चार आट्यांचा होता. बरोबर आटा काढायला ४० अन् ५० चे गिअर लावले की काम झालं असतं, ते त्याच्याकडं पडलेलेच होते. माझ्या चुकीच्या कागदापायी बिचाऱ्यानं दुसऱ्या दुकानातून १२७ दात्यांचं गिअर मागून आणलं, १०० सोबत जोडलं अन् एकदम अचूक पाच मिलिमीटर काढून दिला. त्याला दोष नाही.

पण खरा गाढवपणा त्यानंतरचा. दुकानात बसलेला एक जण म्हणाला, "काही नाही होत बावा, पेस्ट लाव अन् फिरव, बसते बरोबर." मी हॅन्डलला पाइप लावून दोन रात्री फिरवला. नट मोकळा झाला, आठ दिवस मी खुशीत. ते पेस्टचे कण मऊ गनमेटलमध्ये रुतून बसतात अन् मग नटच कानशीसारखा स्क्रूला घासत राहतो, रॉकेलनं कितीही धुवा, निघत नाहीत. मधोमध जरासा झिजलेला स्क्रू पार बारीक झाला. नट परत करता येतो हो, पण लांब बारीक स्क्रू लेथवर मधे वाकतो, ट्रॅव्हलिंग स्टेडी (हत्यारासोबत सरकत स्क्रूला आधार देणारा) नसलेला टर्नर हातच लावत नाही. दोन महिने टेबलावर सरकीच्या ढेपेची पोती ठेवली होती मी.

तुम्ही पेस्ट लावली नसेल तर तुमचं गनमेटल वाया गेलेलं नाही. आतले आटे बोअर करून काढा, ते नुसतं घर म्हणून ठेवा अन् आत डेल्रिनचा, म्हणजे एका टणक प्लास्टिकचा, बूश बसवा. माझी पद्धत: डेल्रिनचे दोन अर्धे तुकडे स्क्रूच्या न झिजलेल्या टोकावर ठेवायचे, स्क्रू ब्लो लॅम्पनं तापवायचा, व्हाइसमध्ये हळूहळू दाबत जायचं, आटे आपोआप उमटतात, पिच-बिचची भानगडच नाही. थंड झाल्यावर स्क्रूवरच ठेवून बाहेरून टर्निंग करायचं. पण हे अंगणात करा, जास्त तापलं तर डोळे झोंबणारा विषारी गॅस निघतो. अन् नायलॉन घेऊ नका, ते पाणी पितं, पावसाळ्यात फुगून जाम होते. फॅक्टरीत दिवसभर चालणाऱ्या मशीनला डेल्रिन मी सुचवणार नाही, पण आपल्या घरच्या कामाला लय झालं. कोणी म्हणेल ब्रॉन्झच पाहिजे, त्यांनी खुशाल करावं.

ड्रॉबार, म्हणजे मिलिंगचं हत्यार वरून ओढून धरणारा लांब बोल्ट, करायला घेतला तर अर्ध्या इंचाला जपा. विटवर्थचे (जुनं इंग्रजी माप) इंचात १२ आटे असतात, यूएनसीचे (अमेरिकन माप) १३. दोन-तीन चक्कर एकमेकांत जातात अन् मग फसतात, परत तीच कहाणी. तेव्हाही दहा आटेच मोजा.

तर उद्या ते माप टाका, अन् लेथवाल्याच्या लीड स्क्रूचं पण विचारून घ्या, गिअर कोणते लावायचे ते मी काढून देतो.